कळपातील एकाचा माग

दरवर्षी हिवाळ्याच्या सुमारास ठाणे खाडीत रोहित पक्ष्यांचे थवे उतरू लागतात आणि काही दिवसांतच वृत्तपत्रांतून त्यांच्या संख्येचा आकडा प्रसिद्ध होतो. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने गेल्या काही वर्षांत केलेल्या गणनांत हा आकडा एक लाखाच्याही पुढे गेलेला आढळला आहे. लाखभर पक्षी आले म्हटले, की वाचकाला समाधान वाटते. पक्षी येत आहेत, त्या अर्थी खाडी जिवंत आहे आणि सारे यथास्थित चालले आहे, असा निष्कर्ष काढून आपण पान उलटतो. हा निष्कर्ष घाईचा आहे. आकड्यात खोट आहे, असे येथे सुचवावयाचे नाही. परंतु ‘किती आले?’ या प्रश्नाचे उत्तर मिळाल्याने ‘ते कशावर जगतात?’ या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही, आणि पुढच्या पिढीला हे पक्षी दिसतील की नाही, हे या दुसऱ्या प्रश्नावर अवलंबून आहे.

आपल्याच परिसरातील एक उदाहरण घेऊ. २०११ च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवलीची लोकसंख्या सुमारे साडेबारा लाख भरली. समजा, या प्रदेशाची काहीच माहिती नसलेल्या एखाद्या अभ्यासकाने कामाच्या दिवशी दुपारी दोन वाजता डोंबिवलीत माणसे मोजली आणि त्याच वेळी त्याच्या सहकाऱ्याने मुंबईच्या फोर्ट भागात मोजली. दोघांचेही आकडे बिनचूक असतील. पण डोंबिवलीत कमावत्या वयाची माणसे थोडी आणि फोर्टमध्ये माणसांचा पूर लोटलेला पाहून ते जे अनुमान काढतील, ते सपशेल चुकीचे असेल. एखाद्या कारकुनामागे त्यांच्यापैकी एकजण सकाळपासून रात्रीपर्यंत फिरला, तरच त्याला उमगेल, की ही दोन वेगळी गावे एकाच माणसाच्या दिवसाची दोन टोके आहेत आणि त्यांना जोडणारी आगगाडी बंद पडली, तर दोन्ही टोके लुळी पडतील. गर्दी मोजून जे कळत नाही, ते एकाच्या मागे गेल्याने कळते, ते असे.

प्राणिशास्त्रात ही पद्धत ज्यांच्या अभ्यासात विशेष बहरली, ते प्राणी मात्र खाडीत मावणारे नाहीत. ते आहेत हंपबॅक जातीचे देवमासे.

शेपटीवरची ओळख

पाठीवर लहानसा उंचवटा असलेला हा देवमासा तेरा ते सोळा मीटर लांब असतो. उन्हाळा तो ध्रुवांकडच्या थंड, अन्नसमृद्ध समुद्रात घालवितो आणि हिवाळ्यात हजारो किलोमीटर अंतर कापून उष्ण कटिबंधातील समुद्रात विणीसाठी येतो. खोल बुडी मारताना तो शेपटीचा रुंद पंखा पाण्याबाहेर उचलतो. त्या पंख्याच्या खालच्या बाजूवरील काळ्यापांढऱ्या खुणांची मांडणी प्रत्येक देवमाशाची वेगळी असते. माणसाच्या अंगठ्याच्या ठशासारखीच ही खूण. १९७० च्या दशकात अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावरील संशोधकांनी या शेपट्यांची छायाचित्रे पद्धतशीर जमवून त्यांची सूची करावयास आरंभ केला. प्राण्याला न मारता, न पकडता त्याची ओळख पटविण्याचा हा मार्ग होता.

या सूचीतील सर्वांत प्रसिद्ध मादीचे नाव ‘सॉल्ट’. पाठीवरील पांढऱ्या डागांमुळे तिला हे नाव पडले. १९७५ मध्ये ती प्रथम मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळ नोंदली गेली. १९७८ मध्ये तीच मादी कॅरिबियन समुद्रात, डोमिनिकन प्रजासत्ताकाच्या किनाऱ्याजवळ दिसली. उत्तरेकडे उन्हाळ्यात चरणारे देवमासे आणि दक्षिणेकडे हिवाळ्यात विणारे देवमासे हे एकच असावेत, असा तर्क पूर्वी होताच; एका शेपटीच्या दोन छायाचित्रांनी त्याला पुरावा मिळाला. पुढे तिची पिले, पिलांची पिले, अशा तीन-चार पिढ्या त्याच सूचीत नोंदल्या गेल्या.

आज हे काम संगणकाच्या साहाय्याने चालते. २०१५ पासून जगभरातील संशोधक आणि हौशी प्रवासी ‘हॅपीव्हेल’ नावाच्या सामाईक संग्रहात आपली छायाचित्रे पाठवितात व यंत्र खुणा जुळवून प्रत्येक देवमाशाची ओळख सांगते. २०१३ व २०१७ मध्ये कोलंबियाच्या पॅसिफिक किनाऱ्याजवळ टिपलेला एक नर २०२२ मध्ये आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावरील झांझिबारजवळ आढळला. या दोन ठिकाणांमधील अंतर किमान १३ हजार किलोमीटर आहे. याहून गंभीर असा एक निष्कर्षही याच पद्धतीतून निघाला. उत्तर पॅसिफिकमधील हंपबॅकांची संख्या शिकारबंदीनंतर वाढत जाऊन २०१२ च्या सुमारास ३३ हजारांवर गेली होती; २०२१ पर्यंत ती २७ हजारांच्याही खाली आली. २०१४ ते २०१६ या काळात त्या समुद्राचे पाणी असाधारण तापले होते आणि त्यामुळे अन्न घटले, असे संशोधक सांगतात. या काळात शिकार झाली नव्हती. शिकारीवरील बंदी हे संरक्षणाचे पहिले पाऊल होते, आणि तेवढ्याने भागत नाही, हे ओळखीच्या देवमाशांच्या गैरहजेरीने दाखवून दिले.

अरबी समुद्रातील लुबान

हे सारे दूरदेशीचे वाटेल. परंतु हंपबॅकांचा एक लहानसा समूह आपल्या अरबी समुद्रातही आहे आणि तो साऱ्या जगात वेगळा आहे. इतर हंपबॅक ध्रुवीय समुद्राकडे जातात. हा समूह वर्षभर अरबी समुद्रातच राहतो. नैऋत्य मोसमी वाऱ्यांमुळे ओमानच्या किनाऱ्याजवळ खोल पाणी वर येते व समुद्र अन्नाने समृद्ध होतो. त्यामुळे त्यांना ध्रुवाकडे जाण्याची गरज पडत नाही.

या समूहावर मोठा आघात झाला तो १९६० च्या दशकात. सोव्हिएत शिकारी ताफ्यांनी १९६५-६६ च्या सुमारास ओमान, पाकिस्तान व भारत यांच्या किनाऱ्यांलगतच्या समुद्रात २४२ हंपबॅक मारले. ही शिकार लपवून ठेवण्यात आली होती. सोव्हिएत संघ विसर्जित झाल्यावर, १९९० च्या दशकात तिचे आकडे बाहेर आले. ओमानमध्ये शेपट्यांच्या छायाचित्रांवरून पुढे जो अंदाज बांधण्यात आला, त्यात तेथील समूहात शंभराहूनही कमी देवमासे भरले.

या थोडक्यांपैकी एक मादी म्हणजे ‘लुबान’. लुबान म्हणजे ऊद. ओमानची ही प्राचीन निर्यातवस्तू. तिचेच नाव तिला दिले गेले. २०१७ च्या अखेरीस तिच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठविणारे छोटे यंत्र बसविण्यात आले. त्यापूर्वी ओमानमध्ये यंत्र बसविलेले देवमासे त्याच बाजूच्या किनाऱ्याने फिरत राहिले होते. लुबानने मात्र सरळ पूर्वेची वाट धरली, दीड हजार किलोमीटरहून अधिक समुद्र ओलांडला आणि डिसेंबर २०१७ मध्ये ती गोव्यासमोरील समुद्रात पोहोचली. तेथून ती किनाऱ्याकिनाऱ्याने भारताच्या दक्षिण टोकाकडे गेली. दोन किनाऱ्यांवरील देवमाशांचा संबंध असावा, हे अभ्यासकांच्या मनात होते. तो प्रत्यक्ष पाहावयास मिळाला एका मादीमुळे. ओमानने आपल्या समुद्रात कितीही काटेकोर रक्षण केले, तरी या देवमाशांचे भवितव्य गोवा, कर्नाटक व केरळ यांच्या समुद्रातील जाळी आणि जहाजांचे मार्ग यांच्याशीही बांधलेले आहे, हा त्याचा व्यावहारिक अर्थ.

खाडीतील पाहुणे

देवमासा आणि रोहित पक्षी यांत वरवर काहीच साम्य नाही. तरी निसर्गाने दोघांना एकच युक्ती दिली आहे. हंपबॅकाच्या जबड्यात दातांऐवजी झालरीसारखी गाळणी असते. रोहिताच्या वाकड्या चोचीच्या कडांनाही अशीच बारीक झालर असते. दोघेही पाणी तोंडात घेऊन ते गाळतात आणि मागे राहिलेले अन्न गिळतात. धाकटा रोहित मुख्यतः सूक्ष्म शेवाळ खातो. थोरला रोहित चिखलातील बारीक जीव टिपतो. आणखी एक साम्य असे, की दोघांचेही आयुष्य दूरदूरच्या ठिकाणी वाटले गेलेले आहे.

पक्ष्यांचा माग घेण्याची खटपट जुनी आहे. १८९९ मध्ये डेन्मार्कमधील हान्स मॉर्टेन्सन या शिक्षकाने मैनेच्या जातकुळीतील पक्ष्यांच्या पायांत पत्ता कोरलेली कडी अडकविली आणि या शास्त्राचा पाया घातला. आपल्याकडे १८८३ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने हे काम हाती घेतले. १९५९ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने सालिम अली यांच्या नेतृत्वाखाली ते मोठ्या प्रमाणावर चालले. पक्ष्यांबरोबर रोगांचे विषाणूही प्रवास करतात काय, हा त्यामागील एक प्रश्न होता. कड्याची मर्यादा मात्र उघड आहे. तो पक्षी पुन्हा कोणाच्या तरी हाती लागला आणि त्याने कळविले, तरच त्याचा उपयोग. मधला प्रवास अंधारातच राहतो.

ही उणीव उपग्रहाच्या यंत्रांनी भरून काढली. ठाणे खाडीत २०२२ मध्ये सोसायटीच्या संशोधकांनी सहा रोहितांच्या अंगावर सूर्यप्रकाशावर चालणारी हलकी यंत्रे बसविली. हुमायून अब्दुलअली, चार्ल्स मॅकॅन यांच्यासारख्या जुन्या निसर्गशास्त्रज्ञांची नावे या पक्ष्यांना देण्यात आली. त्यांपैकी ‘हुमायून’ने एका रात्रीच्या उड्डाणात भावनगर गाठले. ठाण्याहून हे अंतर सरळ रेषेत सुमारे ३०० किलोमीटर आहे. इतरांच्या वाटाही गुजरातेशी जोडलेल्या आढळल्या. आपल्याकडे येणारे रोहित कच्छच्या रणातून व सौराष्ट्राच्या किनाऱ्यावरून येत असावेत, हे जाणकार पूर्वीपासून सांगत आले होते. आता ते कोणत्या रात्री निघतात, कोठे विसावतात आणि परत येऊन नेमके कोणत्या पाणथळीवर उतरतात, हे नकाशावर ठिपक्या-ठिपक्यांनी दिसू लागले.

दोन चपलांचा जोड

या ठिपक्यांतून निघणारा सर्वांत महत्त्वाचा धडा गुजरातेतला नाही. तो खाडीच्या दोन काठांमधला आहे. ओहोटी लागली, की खाडीतील चिखलाचे विस्तीर्ण पट्टे उघडे पडतात आणि रोहित तेथे चरतात. भरती आली, की हे पट्टे पाण्याखाली जातात. त्या वेळी पक्ष्यांना उथळ पाण्याची, निवांत अशी दुसरी जागा लागते. नवी मुंबईतील नेरूळ भागातील टी. एस. चाणक्य संस्थेजवळची पाणथळ, एन. आर. आय. संकुलाजवळची पाणथळ, डीपीएस तलाव आणि खाडीच्या पश्चिम काठावरील भांडुप उदंचन केंद्राजवळची तळी, ही त्यांची भरतीच्या वेळची विश्रांतिस्थाने. दिवसाच्या चोवीस तासांत भरती-ओहोटीचे चक्र साधारण दोनदा फिरते आणि त्याबरोबर पक्षीही फिरतात. डोंबिवलीकराचे घर आणि कचेरी यांसारखाच हा प्रकार.

कायद्याने मात्र या जोडीतील एकाच भागाला पक्के संरक्षण दिले. २०१५ मध्ये खाडीचे सुमारे १६९० हेक्टर क्षेत्र रोहित अभयारण्य म्हणून घोषित झाले. २०२२ मध्ये भोवतालच्या क्षेत्रासह ६५२१ हेक्टर भागाला आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर स्थळाचा मान मिळाला. दोन्ही निर्णय स्वागतार्ह आहेत. परंतु नेरूळच्या पाणथळी अभयारण्याच्या रेषेबाहेर राहिल्या. तेथे गोल्फ मैदान व इमारती उभारण्यासाठी जमिनीचा वापर बदलण्यात आला होता. तो मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये रद्द ठरविला आणि पुढे तो वाद सर्वोच्च न्यायालयात गेला. २०२४ च्या पहिल्या सहामाहीत डीपीएस तलावाला खाडीचे पाणी मिळेनासे होऊन तो सुकला व त्या परिसरात दहाच्या आसपास रोहित मृत्युमुखी पडले. त्यानंतर नागरिकांनी सातत्याने आवाज उठविला आणि एप्रिल २०२५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाने या तलावाला संवर्धन राखीव क्षेत्राचा दर्जा देण्यास मंजुरी दिली. एक पाऊल पुढे पडले, ही समाधानाची गोष्ट. पण ते पक्षी मेल्यानंतर पडले, हेही विसरता येत नाही.

अर्थशास्त्राच्या प्राथमिक वर्गात आम्ही पूरक वस्तू शिकवितो. तिचे नेहमीचे उदाहरण म्हणजे पायताणाचा जोड. उजवी चप्पल कितीही भारी असली, तरी डावी हरवल्यावर तिची किंमत जवळजवळ शून्य होते. अभयारण्यातील चिखलपट्टे आणि त्याबाहेरील पाणथळी हा असाच जोड आहे. तेव्हा पाणथळीच्या तुकड्याचे मूल्य त्याच्या चौरसमीटरच्या दराने ठरविणे हा हिशेबच चुकीचा. तो तुकडा भरला, तर शेजारचे १६९० हेक्टरांचे अभयारण्यही पक्ष्यांच्या दृष्टीने निम्मे निरुपयोगी होते. हे नुकसान कोणत्याही विक्रीखतात लिहिले जात नाही. ते जमीन विकणाऱ्याला सोसावे लागत नाही व घेणाऱ्यालाही नाही. म्हणून ते होत राहते.

यावर एक आक्षेप प्रामाणिकपणे घेतला जातो आणि त्याचा विचार केला पाहिजे. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील आपल्यापैकी पुष्कळांच्या इमारती एके काळच्या खाजणांवर आणि भातशेतांवर उभ्या आहेत. आपल्याला डोक्यावर छप्पर मिळाले. मग नंतर येणाऱ्यांना ते नाकारून पक्ष्यांना जागा राखून ठेवावी, हे कोणत्या न्यायात बसते? प्रश्न रास्त आहे. पण नेरूळच्या पाणथळीवर होणारे बांधकाम गरजूंच्या घरांसाठी होते, असे म्हणवत नाही. वाद गोल्फ मैदानाचा होता. शिवाय भरतीचे पाणी सामावून घेणारी ही ठिकाणे बुजली, की ते पाणी दुसरी वाट शोधते. २६ जुलै २००५ ची अतिवृष्टी ज्यांनी कल्याणात वा ठाण्यात अनुभवली, त्यांना हे वेगळे सांगावयास नको. आणखी एक गोष्ट: विश्रांतीची जागा हरवलेले पक्षी नाहीसे होत नाहीत, ते दुसरीकडे उडतात. मे २०२४ मध्ये घाटकोपरजवळ एका प्रवासी विमानाला धडकून सुमारे चाळीस रोहित मरण पावले. त्या रात्री थवा तेथे का आला, हा मुद्दा वेगळा. पण ज्या प्रदेशात आता दोन मोठे विमानतळ आहेत, तेथे पक्ष्यांचे ठरलेले मार्ग व मुक्काम जपणे ही माणसांच्या सुरक्षिततेचीही बाब आहे.

गणती हवी, माग हवा

एकाचा माग घेण्याच्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. सहा पक्षी म्हणजे लाख पक्षी नव्हेत. यंत्राचा भार पक्ष्याला सोसावा लागतो, यंत्रे महाग असतात आणि केव्हातरी बंद पडतात. म्हणून गणती टाकून द्यावी, असे कोणी म्हणणार नाही. दोन्ही एकमेकींना पूरक आहेत. माणसांच्या अभ्यासातही हाच अनुभव येतो. १९७५ पासून इक्रिसॅट या संस्थेने सोलापूर जिल्ह्यातील शिरापूर व कळमण आणि अकोला परिसरातील कानझरा अशा गावांत तीच ती कुटुंबे वर्षानुवर्षे पाहिली. गरिबांची टक्केवारी सांगणाऱ्या पाहणीला जे दिसत नाही, ते तेथे दिसले. गरिबांचा आकडा फारसा न बदलताही त्यातील माणसे बदलत असतात. एक कुटुंब वर येते, तर दुसरे आजारपणाने वा दुष्काळाने खाली जाते. आकडा स्थिर म्हणजे जीवन स्थिर, असे समजण्यातील धोका तोच आहे.

तेव्हा मागण्या साध्या आहेत. मागोव्यातून जी विश्रांतिस्थाने निश्चित झाली आहेत, ती सर्व शहरांच्या विकास आराखड्यांत स्पष्टपणे दाखविली जावीत. त्यांना खाडीचे पाणी पोहोचविणारे ओहोळ व नळ मोकळे ठेवण्याची जबाबदारी एका निश्चित अधिकाऱ्यावर टाकावी. मागोव्याचे नकाशे मराठीत, शाळा-महाविद्यालयांना वापरता येतील अशा स्वरूपात उपलब्ध करून द्यावेत. आणि महाराष्ट्र व गुजरात या दोन राज्यांच्या वनखात्यांनी या पक्ष्यांविषयीची माहिती एकत्र ठेवावी. पक्षी एका रात्रीत ओलांडतात, ती सीमा दोन कचेऱ्यांना ओलांडता येऊ नये, हे बरे नव्हे.

पुढच्या हिवाळ्यात पुन्हा आकडा प्रसिद्ध होईल. तो लाखाच्या वर असेल, तर आनंद मानावा. पण त्याबरोबर आणखी एक प्रश्न विचारण्याची सवय आपण, विशेषतः शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी, लावून घेतली पाहिजे: भरती आल्यावर हे पक्षी कोठे जातात, आणि ती जागा अजून शिल्लक आहे काय?